वाटणीत न आलेली तार

सोमवारी दुपारी साडेबारा वाजता अर्पिता जानेफळला पोचली, पण तिनं मशीनचं खोकं उघडलंच नाही. आधी तिनं पिशवीतून अंगठ्याएवढा एक प्लग काढला आणि पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये खोचला. त्या प्लगवर तीन बारीक दिवे होते. त्यातला एक लागला.

"दोन लागायला पाहिजेत, ताई. एकच लागून राह्यला. तुमच्या घराला अर्थिंग नाही."

संजीवनीनं वाकून पाहिलं. "पंखा, फ्रिज, टीव्ही, सगळं तं चालते."

"चालते. पण हे मशीन मी असं नाही लावू शकत."

खोक्यात हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं देणारं मशीन होतं. बुलढाण्याचा एक ट्रस्ट अशी मशीनं गरजूंना फुकट वापरायला देतो, आणि अर्पिता त्या ट्रस्टची तंत्रज्ञ होती. मशीन संजीवनीच्या सासूसाठी, अन्नपूर्णाबाईंसाठी आलं होतं. चाळीस वर्षं चुलीचा धूर घेतलेली त्यांची फुप्फुसं आता मेहकरच्या एका दवाखान्यात सिलिंडरवर चालत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी मशीन लागलं की सोडतो.

अर्पितानं भिंतीवरचा बोर्ड पाहिला. सागाची पाटी, चिनी मातीचे पांढरे फ्यूज, काळी गोल बटणं. तिनं पाटीवर तळहात ठेवला आणि लगेच काढला. लाकूड कोमट होतं.

"हा बोर्ड बदला. अर्थिंग करा. मी शनिवारी चार वाजता येते. तेव्हाही एकच दिवा लागला तर मशीन पुढच्या माणसाला द्यावं लागेल. यादीत अकरा नावं आहेत, ताई. माझ्या हातात काही नाही."

मशीन तिनं ठेवून दिलं, पण खोक्याची चिकटपट्टी तशीच राहिली.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंचा फोन आला. एका श्वासात त्यांना चारच शब्द बोलता येत. "मशीन लागलं का वं?"

"शनिवारी लागते, आई."

"शनिवारी घरी नेसान?"

"हाव."

हे तिनं सोमवारी सांगितलं, तेव्हा वायरिंग करणारा एकही माणूस ठरला नव्हता.

मंगळवारी सकाळी गावातलाच गोपाल आला. मोटार जळली, पंखा बंद पडला की जानेफळात त्यालाच बोलावतात. बोर्डासमोर उभं राहून त्यानं आधी कपाळावर हात मारला.

"कोन्या गाढवानं केली वं ही फिटिंग? इथी जॉइंट, तिथी जॉइंट! घर जळालं नाही हेच नशीब समजा, वहिनी."

मग त्यानं खिशातून कोणाच्या तरी साक्षगंधाची पत्रिका काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: बोर्ड, वायर, अर्थिंग, मजुरी, सगळं धरून ९,२००.

"किती दिवस लागतीन?"

"अर्धा दिवस. शुक्रवारी करून देतो."

पत्रिकेचा फोटो तिनं नवऱ्याला, अविनाशला पाठवला. अविनाश चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात होता. त्याचा फोन जेवणाच्या सुट्टीत आला.

"एकच कोटेशन?"

"गावात एकच मिस्त्री आहे."

"संजू, आमच्याकडे तीन कोटेशनशिवाय बोल्टसुद्धा घेत नाहीत. मेहकरला विचार. आणि वायर किती एमएमची, कोणत्या कंपनीची, सगळं लिहून घे. मी शीट बनवतो."

"शनिवारी मशीन परत जाईन."

"म्हणूनच सांगतोय, व्यवस्थित कर."

त्या सकाळी तिनं चार वाजता उठून दोन कॅरेट वांगी तोडली होती, बसस्टँडवर पोचवली होती, आणि मेहकरला जाऊन, सासूला डबा देऊन ती परत आली होती. 'व्यवस्थित' या शब्दावर तिनं फोन कानापासून थोडा लांब धरला.

बुधवारी मेहकरहून अन्वरभाई आले. त्यांचं तिथं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. चष्मा लावून, प्रत्येक खोलीत थांबून, वही काढून त्यांनी पावणेदोन तास पाहणी केली. गाढव हा शब्द त्यांनी वापरला नाही, ते म्हणाले, "जिसने भी किया, ताई, अल्ला उसको माफ करे." दुपारी दुकानातून छापील यादी मोबाईलवर आली. चौदा बाबी होत्या. सहा खणांची लोखंडी पेटी, भार वाढला की आपोआप पडणारे एमसीबी, शॉक बसायच्या आत लाइन तोडणारा एक वेगळा स्विच, वायरी, पट्ट्या, मजुरी. एकूण २३,६५०. चौदावी बाब अशी होती: अर्थिंग वेगळं, ६,०००, जागा मालकानं द्यायची.

तासाभरात अविनाशनं दोन रकाने करून पाठवले. खाली पिवळ्या रंगात लिहिलं होतं: फरक २०,४५०.

"एवढा फरक कसा?" त्यानं विचारलं.

"अन्वरभाईचं सामान चांगलं आहे म्हन्ते लोक."

"म्हन्ते लोक म्हणजे काय? दोघांच्यातही बोर्ड आहे. दोघांच्यातही वायर आहे. दोघांच्यातही अर्थिंग आहे. मग एक नऊ हजारात करतो आणि दुसरा तीस हजारात. दुसरा लुटतोय. अन्वरभाईला विचार, किती कमी करतो."

तिनं अन्वरभाईंना विचारलं. ते म्हणाले, "ताई, गोपालसे पूछो, अर्थिंग कहाँ करने वाला है. फिर मुझे बोलो."

तिनं गोपालला फोन लावला. तो लोणारकडे कोणाची तरी मोटार काढत होता, तिचा आवाज त्याला पोचत नव्हता. "शुक्रवारी येतो ना वहिनी, शुक्रवारी!" एवढं ओरडून त्यानं फोन ठेवला.

तिसरं कोटेशन कोणाचं घ्यायचं हा प्रश्न बाकी होता. शेजारच्या कौशल्याबाईंनी नाव सुचवलं: उत्तमराव. वीज कंपनीत लाइनमन होते, निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली. आता खांबावर चढत नाहीत, पण सांगतात बरोबर.

गुरुवारी दुपारी उत्तमराव आले. पांढरा पायजमा, हातात काठी, खिशात पेचकस. बोर्डासमोर ते बराच वेळ उभे राहिले. संजीवनी वाट पाहत होती, की आता हेही कोणाला तरी गाढव म्हणतील.

"ही फिटिंग म्या केली," ते म्हणाले. "एक्याण्णव साली. तवा इथी दोन बल्ब आन् एक पंखा होता. त्याच्यावर तुमी फ्रिज लावला, मिक्सर लावलं, पाण्याची मोटार लावली. गाढव कोन?"

संजीवनीनं वही-पेन पुढं केलं.

"किती लागतीन, बाबाजी? माझ्या मालकाले आकडा पाठवा लागते."

"न पाहता आकडा सांगू? मी काय लॉटरी इकून राह्यलो?" त्यांनी बोर्डातली एक हिरवी तार पेचकसानं उचलून दाखवली. ती भिंतीत शिरत होती. "ही अर्थिंगची. इथं आहे. मग अर्थिंग नाही काऊन म्हन्ते ती पोरगी?"

ते काठी टेकत मागच्या दाराशी गेले. मागं अंगण नव्हतं. दारापासून चार फुटांवर विटांची उंच भिंत होती आणि त्या चार फुटांत फरशीखाली संडासाची टाकी होती.

"खड्डा कुठं गेला?"

"कोनता खड्डा?"

"अर्थिंगचा. म्या खोदला होता इथी, अंगनात. तुह्या सासऱ्यानं आन् उकंडरावानं दोघांनी मिळून मीठ-कोळसा टाकला होता त्याच्यात. मले चहा पाजला होता."

मग संजीवनीच्या लक्षात आलं. अंगण भिंतीपलीकडे होतं.

नऊ वर्षांपूर्वी, सासरे वारल्यावर सहा महिन्यांनी, घराची वाटणी झाली. रस्त्याकडची बाजू अन्नपूर्णाबाईंकडे आली, मागची बाजू आणि अंगण त्यांच्या धाकट्या दिराकडे, उकंडरावांकडे. पंचांनी दोन पानं लिहिली. विहिरीचं पाणी आळीपाळीनं. कडुनिंबाचा पाला ज्याच्या हद्दीत पडेल त्यानं झाडायचा. वीजमीटर वेगळे. पाटा एकाला, वरवंटा दुसऱ्याला होऊ नये म्हणून दोन्ही एकालाच. जमिनीखालच्या तारेबद्दल कोणी काही लिहिलं नाही, कारण ती कोणाला दिसत नव्हती. त्या दिवशी उकंडराव पंचांसमोर म्हणाले होते, "अंगण त्या बाईले काय कामाचं? तिथं आता बसनार कोन?" अन्नपूर्णाबाई तेव्हापासून त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

"गोपालनं अर्थिंग धरलं आहे नऊ हजारात," संजीवनी म्हणाली.

"विचार त्याले, कुठी करते."

या वेळी गोपालनं फोन उचलला. संजीवनीनं स्पीकर लावला.

"बोर्डातच करतो ना वहिनी. आतल्या आत एक तुकडा जोडला की झालं. पाच मिनिटाचं काम. त्या मॅडमचे दोन्ही लाइट लागतीन. गॅरंटी."

उत्तमरावांनी हातानं खूण करून फोन बंद करायला लावला. मग ते खाली बसले आणि काठीनं फरशीवर दोन रेघा ओढल्यासारखं केलं.

"ही करंट घेऊन जाती तार, ही परत येती तार. तो येतीले अर्थिंग जोडून देईन. दिवे लागतीन, खोटं नाही बोलत तो. पन वाऱ्यानं खांबावर येती तार तुटली, तं काय होईन? तुह्या फ्रिजच्या पत्र्यात, मोटारीत, त्या मशीनच्या अंगात, सगळीकडं करंट. आन् घरात पहिला हात कोनाचा लागते सकाळी? तुहाच ना?"

"मग काय करू?"

"उकंड्याले विचार, तार कुठं गेली. नाही तं हा समोरचा ओटा फोडा. अर्थिंगले माती लागते. फरशीखाली मातीच असते."

समोरच्या ओट्याला अविनाशनं गेल्या दिवाळीत काळा ग्रॅनाइट लावला होता. संजीवनीनं ती गोष्ट ऐकली न ऐकल्यासारखी केली आणि मागच्या गल्लीनं उकंडरावांच्या दारात गेली.

उकंडराव पोर्चमध्ये खुर्चीवर बसून मुगाच्या शेंगा निवडत होते. मुलीच्या लग्नात त्यांनी अंगणावर हा पोर्च बांधला होता. खाली चकचकीत टाइल्स होत्या.

"काकाजी, इथं अर्थिंगची तार होती म्हन्ते."

"होती ना. म्याच कापली."

"काऊन?"

"मेलेली होती." उकंडरावांनी शेंग सोलली. "टाइल्स बसवून राह्यलो होतो, तं जमिनीतून जाड तार निघाली. म्या टेस्टर लावला. लाइट लागला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, नाहीच लागला. करंटच नाही त्या तारेत, तं ठेवून काय तिची आरती करू? भंगारवाल्याले देऊन टाकली. तांबं होतं, चांगला भाव आला."

"काकाजी, त्या तारेत करंट येतच नसते. तिचं काम वेगळं असते."

"मले शिकवतं? बत्तीस वर्षं झाले मी शेतात मोटार चालवून राह्यलो."

आतून झुंबरबाई, उकंडरावांच्या बायको, दारापर्यंत आल्या. "म्हनून आपला फ्रिज झिनझिन करते का वं, संजीवनी? मी तं चप्पल घालून उघडतो. नऊ वर्षं झाले."

"तू आत जाय," उकंडराव म्हणाले.

"चप्पल घालूनच जातो," झुंबरबाई म्हणाल्या आणि गेल्या.

संजीवनीनं मशीनचं, शनिवारचं, अकरा नावांचं सगळं सांगितलं. खड्डा पोर्चखाली असेल. चार टाइल्स काढाव्या लागतील, नव्या ती बसवून देईल.

उकंडरावांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. मग त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"पोर्च फोडू देतो. पन वयनीनं मले सांगावं. सोता. फोनवर सांगावं, तरी चालते. नऊ वर्षांत तिनं मले 'पानी पेतं का' म्हनून विचारलं नाही."

शुक्रवारी सकाळी संजीवनी डबा घेऊन दवाखान्यात गेली. अन्नपूर्णाबाई उशाला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या नाकात नळी होती. शेजारच्या सिलिंडरचा काटा लाल रेघेच्या थोडा वर होता. संजीवनीनं सगळं सांगितलं आणि फोन पुढं केला.

"नंबर लावून देतो. 'उकंडराव, करू द्या' एवढंच म्हना. तीन शब्द आहेत, आई."

अन्नपूर्णाबाईंनी फोनकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"त्यानं पंचायसमोर काय म्हनलं," श्वास घेतला, "तुले ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पन आई, उद्या मशीन जाईन."

"जाऊ दे." पुन्हा श्वास. "मी इथंच मरीन." आणखी एक श्वास. "पन त्याले नाही विचारनार."

"तुमी इथी मरसान तं मले रोज डबा घेऊन या लागते," संजीवनी म्हणाली. आवाज चढला होता, शेजारच्या पलंगावरच्या बाईनं मान वळवली. "त्याले तुमी पाहिजे, तुमाले तो नको. पंचांनी पाल्याची वाटणी केली, ह्या रागाची नाही केली कोनी! तो सगळा माह्याच वाट्याले आला."

अन्नपूर्णाबाईंनी डबा उघडला, थोडा भात खाल्ला आणि झाकण लावून परत दिला. निघताना त्या फक्त म्हणाल्या, "उद्या शनिवार ना?"

बसस्टँडवर उभ्या उभ्याच संजीवनीनं अन्वरभाईंना फोन केला. अविनाशला विचारलं नाही. "बोर्ड आज करा. अर्थिंगचं मी पाहतो." दुपारी बारा वाजता अन्वरभाई दोन कारागीर घेऊन आले आणि साडेपाचला सागाची पाटी भिंतीवरून खाली आली. तिच्या मागं वाळवी नव्हती, जळाल्याचा काळा पट्टा होता, हातभर लांब. अन्वरभाईंनी त्याचा फोटो काढून संजीवनीला पाठवला. "साहब को भेजो. शीट में डालने को."

नव्या राखाडी पेटीत स्विच एका ओळीत उभे होते. हिरव्या तारांचा जुडगा बाहेर लोंबत होता. त्याला जोडायला जमीन नव्हती.

सहा वाजता अविनाशचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. त्यानं आधी विचारलं, अन्वरभाईंनी किती कमी केले. नाही केले, असं तिनं सांगितलं. मग ती ओट्याचं बोलली.

"ग्रॅनाइट फोडायचा? संजू, त्या ओट्याला बत्तीस हजार लागले."

"मग काय करू? सांगा."

"काकांशी मी बोलतो."

"त्याहिले तुमी नाही पाहिजे. आई पाहिजे."

"मग आईशी बोलतो."

"बोला. मी सकाळी बोलली."

"तात्पुरतं गोपालकडून करून घे ना. उद्या मशीन लागू दे. दिवाळीत आलो की मी बघतो."

गोपाल हे ऐकल्यासारखाच सव्वासहाला मोटरसायकलवरून आला. नवीन पेटी पाहून त्याचा चेहरा पडला, पण तो मनाचा वाईट नव्हता.

"अन्वरभाईनं केलं? बरं केलं. चांगलं केलं." त्यानं हिरव्या तारांकडे पाहिलं. "हे राह्यलंच की. वहिनी, उद्या मॅडम चारले येईन ना? मी साडेतीनले येतो. पाच मिनिटं. पैसे नका देऊ. अन्नपूर्णाकाकूसाठी करतो."

"सांगतो," संजीवनी म्हणाली.

तो गेल्यावर ती ओट्यावर बसली. दवाखान्यात जायच्या आधी अन्नपूर्णाबाई रोज संध्याकाळी इथंच बसत. अंगण गेल्यावर त्यांना बसायला एवढीच जागा उरली होती. साडेतीनला गोपाल, चारला अर्पिता, पाचला सासू घरी. नवरा खूश, काकाजींना विचारायची गरज नाही, ओटा शाबूत. सगळ्यांचं जमत होतं. ती उठून आत गेली आणि फ्रिजच्या दाराच्या पत्र्याला बोटांची मागची बाजू टेकवली. झिनझिन झाली. ही झिनझिन तिला कित्येक वर्षांपासून माहीत होती. तिनंही कधी कोणाला सांगितली नव्हती, ओला हात पुसून फ्रिज उघडायची सवय लावून घेतली होती.

तिनं गोपालला येऊ नको म्हणून कळवलं आणि उत्तमरावांना फोन केला. "बाबाजी, सकाळी साताले या. मीठ-कोळसा किती लागते?"

शनिवारी सात वाजता तिनं स्वतःच पहार उचलली. ग्रॅनाइटवर पहिला घाव घसरला. दुसऱ्यानं बारीक भेग पडली. तिसऱ्यानं कोपरा तुटून रस्त्यावर गेला. उत्तमराव खुर्ची टाकून बसले होते. "मधात नको, भिंतीकडं घे. हां. आता मार." आवाजानं गल्लीतले लोक जमले. कौशल्याबाईंनी विचारलं, "डोकं फिरलं का वं?" संजीवनी म्हणाली, "हाव. सोमवारपासून फिरलेलं आहे."

दीड फूट चौकोन निघाल्यावर झाडांसाठी खड्डे पाडायचं पेट्रोलवरचं मशीन आणलं. शेतकरी गटाचं होतं, तासावर मिळतं. वर मुरूम, मग काळी माती. सहा फुटांवर माती ओलसर लागली. उत्तमरावांनी चिमूट घेऊन चोळून पाहिली. "बेस आहे."

कोळसा होता. मिठाचं अडलं. किराणा दुकानात बारीक मिठाच्या पुड्या होत्या, खडेमीठ नव्हतं. उत्तमराव म्हणाले, बारीक मीठ लवकर वाहून जाते. तेवढ्यात मागच्या गल्लीतून झुंबरबाई आल्या. कमरेवर पोतं होतं, पायात चप्पल.

"गुरांसाठीचं आहे. दहा-बारा किलो असन. होते का?"

"काकाजींनी देल्लं?" संजीवनीनं विचारलं.

"गुरं माही आहेत," झुंबरबाई म्हणाल्या.

त्यांच्यामागं पंधरा पावलांवर उकंडराव येऊन उभे राहिले होते. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते गल्लीतल्या लोकांना सांगत होते, "ओटा फोडला! बत्तीस हजाराचा ओटा! मेलेल्या तारेसाठी!"

खड्ड्यात लोखंडी पाइप उभा राहिला. कोळसा, मीठ, माती, पुन्हा कोळसा, मीठ. चार बादल्या पाणी ओतलं. तार पाइपला नट लावून घट्ट केली. मग उत्तमरावांनी पिशवीतून शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब काढला, दोन तारा लावलेला.

"मागं व्हा सगळे. आन् हा प्रयोग घरी करू नका. उकंड्या, तू पुढं ये. तुह्याच कामाचं आहे."

बल्बची एक तार त्यांनी मीटरजवळच्या जात्या तारेला लावली. दुसरी जमिनीतून आलेल्या तारेला टेकवली. दिवसाउजेडीही डोळे दिपतील असा बल्ब पेटला.

उकंडराव बल्बाकडे पाहत राहिले. मग जमिनीतल्या पाइपकडे. त्यांनी खिशातून स्वतःचा टेस्टर काढला, जमिनीच्या तारेला लावला. टेस्टर लागला नाही. बल्ब मात्र तसाच पेटलेला होता.

"हिच्यात तं करंट नाही," ते म्हणाले. "मंग बल्ब कसा लागला बे?"

"करंट तिच्यात राहत नाही. जमिनीत जाते," उत्तमराव म्हणाले. "म्हनून माणूस वाचते. तू नऊ वर्षांआधी तेच कापलं. भाव चांगला आला म्हन्ते."

लोक हसले. उकंडराव हसले नाहीत. त्यांनी टेस्टर खिशात ठेवला. झुंबरबाईंकडे, त्यांच्या पायातल्या चपलेकडे त्यांची नजर गेली.

"उत्तमराव, आमच्याकडचीबी तार ह्याच्यातच जोडून द्या मंग."

"मले काऊन सांगतं? खड्डा सूनबाईचा आहे."

उकंडराव संजीवनीकडे वळले. तिच्या हातांना फोड आले होते, केसांत ग्रॅनाइटची भुकटी होती. तिला एका क्षणी वाटलं, म्हणावं, आईला सांगायला लावा, फोनवर सांगितलं तरी चालते. दोन दिवस हेच वाक्य तिच्या डोक्यात होतं.

"सूनबाई," उकंडराव म्हणाले, "जोडू देतं का?"

"जोडा," संजीवनी म्हणाली. "पन काकाजी, ह्या तारेले पुन्हा टेस्टर लावायचा नाही."

अर्पिता पावणेचारला आली. प्लग खोचला. दोन दिवे लागले. तिनं आणखी एका यंत्रानं मोजलं, कागदावर आकडे लिहिले, सही घेतली आणि चिकटपट्टी कापली. मशीन सुरू झालं तेव्हा गिरणीसारखा धडधडाट होईल असं संजीवनीला वाटलं होतं, पण फक्त संथ घुरघुर होती.

अन्नपूर्णाबाई साडेसहाला अॅम्ब्युलन्समधून उतरल्या. ओट्यापाशी थांबल्या. मधोमध नाही, भिंतीकडे, चौकोनी भोक होतं, त्यावर लोखंडी झाकण, आजूबाजूला काळे तुकडे.

"हे कोनं फोडलं?"

"म्या."

"त्यानं नाही देल्ली जागा?"

"तुमी नाही विचारलं, त्यानं नाही देल्ली." संजीवनीनं त्यांचा दंड धरला. "त्याहिची तार आता आपल्या खड्ड्यात आहे."

अन्नपूर्णाबाई पायरीवर पाय ठेवता ठेवता थांबल्या. "काय घेतलं त्याच्याकून?"

"झुंबरकाकूनं मीठ देल्लं. गुरांचं."

त्या पायरी चढून आत गेल्या. पलंगावर टेकल्या, नळी लावून घेतली, आणि मशीनची घुरघुर ऐकत पाच-सहा श्वास पूर्ण घेतले. तेवढ्यात संजीवनीचा फोन वाजला. अविनाश होता.

"झालं का? बरं ऐक, उत्तमरावांचं कोटेशन आलंच नाही. शीटमध्ये तिसरा रकाना रिकामाच आहे."

"त्याहिनं पैसे नाही घेतले. चहा घेतला."

"असं कसं? काहीतरी आकडा टाकावा लागेल ना."

अन्नपूर्णाबाईंनी हात पुढं केला. संजीवनीनं फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"अविनाश," त्या म्हणाल्या. श्वासासाठी थांबल्या नाहीत. "मी घरी आली. आता तू फोन ठेव आन् जेव."

मग त्यांनी संजीवनीला विचारलं, उत्तमरावांनी त्या खड्ड्यात पाणी किती दिवसांनी टाकायला सांगितलं आहे. संजीवनी म्हणाली, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, एक बादली.

"अंगनातल्या खड्ड्यात तुहे सासरे टाकत," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी. मी म्हनो, हा मानूस जमिनीच्या भोकात पानी काऊन ओतते. कधी इचारलं नाही."